कापराची खाच

वर्षाराणीच्या नावाआधी आज ‘डॉक्टर’ ही उपाधी लागत नाही. लातूरच्या ज्या कनिष्ठ महाविद्यालयात ती अकरावी-बारावीच्या वर्गांना भौतिकशास्त्र शिकवते, तेथील मुलांना याहून निराळे काही तिच्या वाट्याला येणार होते याची कल्पना नाही. उपाधी हुकल्याचा विषाद तिला आहे, परंतु तो वरच्या थरातला. तळाशी जे सलते ते हे, की ज्यांनी तिला ताऱ्यांचा प्रकाश वाचायला शिकवले, त्यांनीच तिच्या नावावर एक असत्य लिहून ठेवले, आणि ते असत्य छापील आहे.

जळकोट तालुक्यातले, बालाघाटाच्या उतरणीवरचे एक लहानसे गाव हे तिचे जन्मस्थान. वडील दगडोबा सोयाबीन आणि तूर पिकवणारे, बोलण्यात मोजके, पण जिज्ञासेला मर्यादा नसलेले. लेक नांदेडला ताऱ्यांवर संशोधन करते हे समजल्यावर त्यांनी तिला बांधावर बसवून विचारले होते,

“ताऱ्याच्या भवती बर्फ हाय म्हणतीस. तारा तर जळतो. मग बर्फ इतळत न्हाई व्हय?”

“जवळ इतळतो, आबा. लांब न्हाई. लांबच्या धुळीला त्याची ऊब पोचत न्हाई.”

“म्हंजे घर पेटलं तरी परसातला रांजण गारच.”

“हाव, तसंच.”

“मग असं सरळ सांगावं की मानसानं,” असे म्हणून ते उठून गेले. पुढे गावात कोणी विचारले, की ते हेच उत्तर स्वतःचे म्हणून सांगत.

नांदेडच्या ज्या महाविद्यालयात तिचे शिक्षण झाले, तेथे मुखेडकर सर भौतिकशास्त्राचे विभागप्रमुख होते. सुदर्शन मुखेडकर हे नाव त्या परिसरात आदराने घेतले जाई, आणि तो आदर अस्थानी होता असे आजही म्हणता येणार नाही. कपाळी गंधाची बारीक रेषा, पांढरा सदरा, आणि प्रयोगशाळेचे कुलूप उघडण्यापूर्वी हात जोडून क्षणभर उभे राहण्याचा नेम. महानगरांतल्या संस्थांकडे असतात तशी साधने त्यांच्याकडे नव्हती. त्यांनी ती उभी केली. जुन्या नांदेडातले महेबूबभाई या कामी त्यांचे सहकारी. महेबूबभाईंचे आजोबा भांड्यांना कल्हई करीत, वडील बर्फाच्या कारखान्यात होते, आणि ते स्वतः शीतपेट्या दुरुस्त करीत. या दोघांनी मिळून पोलादाचा एक निर्वात कक्ष घडवला. विद्यापीठाच्या कागदपत्रांत त्याला लांबलचक इंग्रजी नाव होते. प्रयोगशाळेत सगळे त्याला ‘डबा’ म्हणत.

या डब्याचे प्रयोजन सांगणे अवश्य आहे. नवजात तारा धुळीच्या दाट वेष्टनात गुरफटलेला असतो. ती धूळ म्हणजे वाळूच्या जातीचे, धुरातल्या कणांइतके सूक्ष्म कण. ताऱ्यापासून दूर, अतिशीत अंधारात, या कणांवर पाण्याचा, कार्बन डायऑक्साइडचा, मिथेनॉलचा बर्फ धरतो. आपल्या नेत्रांना दिसणारा प्रकाश त्या धुळीत अडतो. अवरक्त प्रकाश, जो उष्णतेच्या कुळातला आणि डोळ्यांना अगोचर असतो, तो मात्र पुष्कळसा पार होतो. पार होताना प्रत्येक बर्फ त्यातला आपापला ठरलेला अंश गिळून टाकतो. दुर्बिणीने तो प्रकाश उलगडून वर्णपट काढला, की गिळलेल्या जागी रेषेला खाच पडलेली दिसते. खाच कोठे आहे यावरून बर्फ कोणता हे कळते. अंतराळातल्या महान दुर्बिणींनी टिपलेले असे वर्णपट आज जगातल्या कोणालाही पाहायला खुले आहेत. परंतु एखादी खाच नेमकी कोणाची, हे ठरवायचे तर तोच बर्फ पृथ्वीवर करून, त्यातून तोच प्रकाश पाठवून पडताळावे लागते. डब्यात ते घडे. आतली हवा काढून घेत, मधली एक लहानशी काच कल्पनेपलीकडे गार करीत, तिच्यावर वायू गोठवीत, अतिनील दिव्याचा प्रकाश टाकून तरुण ताऱ्याच्या तेजाची नक्कल करीत, आणि मग अवरक्त किरण पार करून वर्णपट घेत.

“घाई करायची नाही, बाळ,” सर पहिल्या दिवशी म्हणाले होते. “रेषेकडे बघत राहायचं. तिला काय म्हणायचंय ते ती म्हणते. आपण मध्ये बोलायचं नाही.”

ती बघत राहिली. प्रारंभीची दोन वर्षे ती सरांच्याच घरी, माडीवरच्या खोलीत राहिली. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, तिच्या डब्यात धपाटे आणि दही घालून देत आणि म्हणत, “तुझ्या सरांना तारे दिसतात, ताटातलं मीठ दिसत नाही. तू तरी जेवणाकडं लक्ष दे.” हंगामात दगडोबा तुरीच्या डाळीचे पोते खांद्यावर घेऊन येत, ओसरीवर ठेवत, सरांच्या पायांना हात लावत. सर त्यांना उठवून आपल्या शेजारी खुर्चीवर बसवीत. वर्षाराणीच्या मनात त्या घराविषयी जी भावना होती, तिला आपल्या भाषेत गुरुकुल हाच शब्द आहे.

आता खंडेनवमीकडे वळतो. नवरात्राच्या नवव्या दिवशी आपल्याकडे अवजारांची पूजा होते. शेतकरी कुळव-पाभर धुतो, वाहनचालक गाडीला झेंडूची माळ घालतो, गवंडी थापीला कुंकू लावतो. मुखेडकर सरांच्या प्रयोगशाळेतही हा दिवस पाळला जाई, आणि वर्षातून एकदा डब्याची पूर्ण सफाईही त्याच दिवशी होई. झाकण उघडत, आतून पुसत, कडेचे रबरी कडे बदलत. नंतर पूजा. अन्य लोक यंत्राला बाहेरून कुंकवाचे बोट लावून थांबतात. सरांना ते अपुरे वाटे. काकूंनी घरून दिलेल्या तबकात ते कापूर लावीत आणि उघड्या डब्याच्या पोकळीत हात घालून सावकाश ओवाळीत. ओवाळून झाले, की झाकण तत्क्षणी मिटायचे, जणू आत प्रसाद कोंडायचा. झाकणाच्या बिजागऱ्या एका जुन्या शीतपेटीच्या होत्या व त्या सैल पडल्या होत्या, म्हणून पूजा चालेतो ते जड झाकण कोणीतरी दोन्ही हातांनी वर तोलून धरावे लागे. हे काम वर्षाराणीचे. महेबूबभाई दाराशी उभे राहून नारळाच्या तुकड्याची वाट पाहत.

एका वर्षी ते सरांना म्हणाले, “साब, डब्बे को नजर लगती नै. डब्बे को गॅस लगती.”

“गॅस तू भर, नजर मी काढतो,” सर म्हणाले. सगळे हसले.

वर्षाराणीनेही एकदा भीत भीत म्हटले होते, “सर, धूर आत राहील.”

“कापूर आहे, बाळ. कापूर मागं काही ठेवतो का?”

हा प्रश्न त्या खोलीत कोणालाच प्रश्न वाटला नाही. कापूर जळतो आणि राखही उरत नाही. म्हणून तर अहंकाराच्या विलयाला आपण त्याची उपमा देतो, म्हणून तर देवापुढे तो लावतो. पिढ्यानुपिढ्यांची ही श्रद्धा आहे आणि डोळ्यांपुरती ती खरीही आहे. परंतु ज्योतीच्या उष्णतेने कापराचा काही अंश न जळताच वाफ होऊन उडतो, आणि ती वाफ रबरासारख्या पदार्थात मुरून बसते, हे पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या त्या थोर गृहस्थांना तबक हातात असताना आठवले नाही. तबक हातात असताना ते प्राध्यापक नव्हतेच; ते भक्त होते.

अशाच एका खंडेनवमीनंतरच्या हिवाळ्यात मिथेनॉल आणि कार्बन मोनॉक्साइड यांच्या मिश्र बर्फावर अतिनील प्रकाश टाकला असता एक उथळ, नवी खाच दिसू लागली. सहा मायक्रॉनच्या किंचित अलीकडे. एका नवजात ताऱ्याच्या वर्णपटातही जवळपास तेथेच एक अशी खाच होती, जिचे कूळ कोणालाच सांगता आलेले नव्हते. सरांनी दोन्ही वर्णपट एकावर एक ठेवून पाहिले. मग एवढेच म्हणाले, “लिही.” शोधनिबंध एका प्रतिष्ठित नियतकालिकात छापून आला. लेखकांत पहिले नाव वर्षाराणीचे, दुसरे सरांचे. नांदेडच्या वर्तमानपत्रांतून छायाचित्रे आली, सरांना शाल-श्रीफळ मिळाले, आणि जळकोटच्या बाजारात दगडोबांना लोक चहा पाजू लागले.

पुढल्या दिवाळीच्या सुटीत, महाविद्यालय ओस पडलेले असताना, ती प्रबंधाचे शेवटचे प्रकरण लिहीत होती. परीक्षक विचारतील म्हणून तिने एक कोरा प्रयोग करायचे ठरवले. कोणताही वायू न सोडता, दिवा न लावता, नुसती काच गार करून ठेवायची आणि वर्णपट घ्यायचा. जेथे काहीच गोठवलेले नाही तेथे सरळ रेषा यायला हवी.

रेषेला खाच होती. सहा मायक्रॉनच्या किंचित अलीकडे. तीच.

तिने प्रयोग पुन्हा केला. खाच अधिक खोल झाली. काच जितका काळ गार, तितके काहीतरी भिंतींतून येऊन तिच्यावर साचत होते. मग तिने जुने वर्णपट काढून ऋतुक्रमाने लावले. दसऱ्यानंतर खाच ठळक, उन्हाळ्यात क्षीण, पुन्हा दसऱ्यानंतर ठळक. यापुढे कोणत्याही पुस्तकाची गरज नव्हती, तरी तिने खात्री केली. कपाटातल्या पूजेच्या सामानातून कापराची वडी घेतली, तिची पूड क्षारात दाबून चकती केली, आणि वर्णपट घेतला. दोन्ही खाचा एकमेकींवर अशा बसल्या, की कडही वेगळी दिसेना.

तिने चकती काढून कागदात गुंडाळली. आपला निबंध असत्य ठरला याचे दुःख होतेच. पण सरांना हे कसे सांगायचे, या विचाराने ती अधिक व्याकूळ होती.

सर सुटीत सकाळी विष्णुपुरीच्या बंधाऱ्यावर फिरायला जात. ती तेथे गेली आणि चालता चालता सगळे सांगितले. सर थांबले. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला तो तिने पाहिला. मग त्यांनी तिच्या मस्तकावर हात ठेवला.

“तू खरी विद्यार्थिनी निघालीस,” ते म्हणाले. “स्वतःच्या विरुद्ध जाऊन बघितलंस. आता संपादकांना पत्र धाडलं पाहिजे.”

“मी आजच लिहिते, सर.”

“तू नको. मार्गदर्शकानं लिहायचं असतं ते. मी लिहितो.”

त्या दिवशी ती परतली तेव्हा तिच्या मनात विलक्षण प्रसन्नता होती. निबंध गेला, पण गुरू तिच्या कल्पनेहून मोठे निघाले होते. त्या प्रसन्नतेची आठवण तिला पुढे सर्वांत जास्त लाजवीत राहिली.

महिने गेले. ती विचारी, “सर, पत्र गेलं का?” ते म्हणत, “गेलं म्हण.” कधी म्हणत, “या लोकांची उत्तरं यायला वेळ लागतो, बाळ.” ती पुन्हा कामाला लागे. मधल्या काळात परदेशातल्या एका प्रयोगशाळेने तोच प्रयोग करून पाहिला, खाच मिळाली नाही, आणि संपादकांनी खुलासा मागवला, हे तिला ठाऊकच नव्हते.

खुलासा छापला गेला त्या दिवशी ती गावाहून नांदेडला परतत होती. बस कंधारच्या अलीकडे असताना तिच्या भ्रमणध्वनीवर नियतकालिकाची सूचना आली. मजकूर लहान होता. प्रथम लेखिकेने प्रयोगशाळेत धार्मिक विधीनिमित्त निर्वात कक्षात कापूर जाळला होता. ही बाब तिने मार्गदर्शकांपासून लपवली. त्यांच्या चौकशीत ती उघड झाली. सबब निबंध मागे घेण्यात येत आहे. खाली एक ओळ होती, की दोन्ही लेखक या निवेदनाशी सहमत आहेत.

तिला कोणी विचारले नव्हते. तिने मजकूर पुन्हा वाचला, जसा ती वर्णपट वाचत असे तसा, मध्ये न बोलता. आपल्या हातून वाचण्यात चूक होते आहे असे तिला वाटत राहिले.

बसस्थानकावरून ती थेट सरांच्या घरी गेली. सर ओसरीवर बसलेले होते. तिला पाहून ते दचकले नाहीत. ते तिची वाटच पाहत असावेत.

“बस,” ते म्हणाले, आणि आत हाक दिली, “अगं, चहा टाक. वर्षाराणी आलीय.”

“सर, कापूर मी लावला?”

“तसं लिहावं लागलं.”

“मी तर झाकण धरून उभी होते. दोन्ही हातांनी. तुम्हीच म्हणायचात, नीट धर, माझ्या मनगटावर पडेल.”

“मला सगळं आठवतंय.” त्यांचा स्वर शांत होता, जवळजवळ वत्सल. “ऐक. माझं नाव म्हणजे या प्रयोगशाळेचं नाव आहे. ते गेलं तर डबा जाईल, पुढं येणारी पोरं जातील. तुझं नाव अजून व्हायचंय. लहान नावावरचा डाग निघतो, बाळ. माझ्या वयात निघत नाही.”

“आणि लपवलं, असं का लिहिलं? मी तर तुम्हाला सांगायला बंधाऱ्यावर आले होते.”

सरांनी आतल्या दाराकडे पाहिले. काकू चहा घेऊन आल्या. पाहुण्यांसाठी राखलेली चांगली कपबशी त्यांनी काढली होती. एवढी वर्षे वर्षाराणी त्या घरात स्वयंपाकघरातल्या पितळी पेल्यातून चहा पीत आली होती. ज्या तबकात कापराची वडी ठेवून काकू दरवर्षी ते सरांच्या हाती देत, ते तबक मागच्या फळीवर दिसत होते. वर्षाराणीने त्यांच्याकडे पाहिले. काकूंनी पदराचे टोक बोटाला गुंडाळले, सोडले, आणि म्हणाल्या, “घे पोरी, गार होतोय.”

चहा तसाच ठेवून ती उठली. त्या उंबऱ्यातून ती शेवटची बाहेर पडली ती त्या दिवशी.

तिने संपादकांना पत्र लिहिले. उत्तर आले, की हा वाद तुमच्या संस्थेने मिटवावा. महाविद्यालयाने समिती नेमली. समितीपुढे जाण्याआधी ती महेबूबभाईंच्या दुकानात गेली. ते एका शीतपेटीच्या पाठीशी बसून नळीचा सांधा डाखत होते.

“तुम्ही सांगाल का, भाई?”

“सांगतो की, बेटी. मी तिथंच उभा होतो. डोळे काय गहाण ठेवलेते का मी?” मग हातातले थांबवून म्हणाले, “पर माझं कोण ऐकंल? मी त्यांच्या हजेरीपटावर नाय. नारळ खायपुरता होतो.”

ते आले, आणि तसेच झाले. समितीने त्यांना बाहेरच्या बाकावर बसवले आणि आत बोलावलेच नाही. आतमध्ये वर्षाराणीने जे घडले ते क्रमाने सांगितले. सदस्यांनी सरांकडे पाहिले. त्यांतले एक सरांचे विद्यार्थी होते, दुसऱ्यांना त्यांच्याच शिफारशीने पद मिळाले होते.

“सर, कापूर नक्की कोणी ओवाळला, एवढं सांगितलंत तर बरं होईल,” अध्यक्ष अदबीने म्हणाले.

सर किंचित हसले. “पूजा कोणा एकाची असते का? आपण सगळेच होतो की.”

तिला वाटले होते ते नाकारतील, किंवा गप्प राहतील. ही तिसरी वाट तिच्या ध्यानीमनी नव्हती. हात जो तबकावर होता आणि हात जे झाकणावर होते, ते सगळे त्यांनी एका सामुदायिक भक्तीत मिसळून टाकले, आणि मिश्रणातून खरे काय ते वेगळे काढणे अशक्य करून ठेवले.

समितीने मार्ग सुचवला. वर्षाराणीने अनवधानाबद्दल खेद व्यक्त करावा, विषय बदलून याच मार्गदर्शकांकडे काम चालू ठेवावे. सरांनी आपल्या खिशातली लेखणी काढली आणि टोपण उघडून ती वर्षाराणीपुढे सरकवली. त्या कृतीत जी माया होती तीही खोटी नव्हती, आणि म्हणूनच ती असह्य होती. तिने लेखणीला हात लावला नाही. म्हणाली, “मी सही करणार नाही, सर,” आणि बाहेर आली. बाकावर महेबूबभाई अजून बसून होते.

“बुलाएच नै ना?” त्यांनी विचारले, आणि तिच्यासोबत फाटकापर्यंत चालत आले.

सरांनी मार्गदर्शकत्व सोडले. त्या विषयाचा दुसरा मार्गदर्शक आसपास नव्हता. नोंदणी यथाकाल रद्द झाली. गावी दगडोबांनी सगळे ऐकून घेतले. बराच वेळ ते बैलाच्या वशिंडावरून हात फिरवीत राहिले.

“त्या मास्तरला म्या तुरीची डाळ खांद्यावरून न्हेऊन दिलती,” ते म्हणाले. “चांगली शिजायची म्हनला व्हता. शिजली असंल. पचली कशी ते इचारून ये म्हनावं का तुला?”

“जाऊ द्या, आबा.”

“जाऊ दिलंच हाय. पर म्या त्याच्या पायाला हात लावलता, ते काय वापस येत न्हाई.”

लातूरला नोकरी मिळाली. तेथील मुले प्रवेशपरीक्षांच्या तयारीत बुडालेली. त्यांना अवरक्त प्रकाशाविषयी एका गुणाच्या प्रश्नापुरतेच कुतूहल. ती मन लावून शिकवू लागली. परंतु छापील असत्य जगातल्या प्रत्येक ग्रंथालयातून तसेच उपलब्ध होते. तिचे नाव शोधले, की पहिले तेच येई. तिने ठरवले, की ज्या भाषेत ते लिहिले गेले त्याच भाषेत उत्तर द्यायचे. कोऱ्या प्रयोगांचे वर्णपट तिचेच होते. ते तिने दुसऱ्या एका नियतकालिकासाठी मांडले: रबरी कड्यांत मुरलेला कापूर निर्वात कक्षात कसा महिनोन्‌महिने पाझरतो, गार काचेवर कसा साचतो, आणि दिव्याखालच्या मिश्र बर्फाची खोटी साक्ष कशी देतो. अंतराळ दुर्बिणीचे खुले वर्णपट पुन्हा तपासताना तिला असेही आढळले, की ताऱ्याची खाच कापराच्या खाचेशी पूर्णतः जुळतच नव्हती. दोघींत केसाएवढे अंतर होते, जे पूर्वी उत्साहाच्या भरात कोणी पाहिले नव्हते. ताऱ्याभोवतीचा तो अनाम बर्फ अजून अनामच होता. हे लिहिताना तिला पुष्कळ दिवसांनी बरे वाटले.

अखेरीस ऋणनिर्देश लिहायचा होता. महेबूबभाईंचे नाव तिने सहज लिहिले, आणि आबांचेही. मग ती अडखळली. वर्णपट वाचायला तिला सरांनी शिकवले होते. ते शिकवले नसते तर त्यांची चूक तिला दिसलीही नसती. तिने लिहिले: ‘अवरक्त वर्णपट वाचण्याची विद्या मला प्रा. सुदर्शन मुखेडकर यांनी दिली.’ आणि त्याखाली: ‘कक्षात कापूर त्यांनी ओवाळला, झाकण मी धरले होते.’ दोन्ही वाक्ये खरी होती, म्हणून दोन्ही राहिली.

ज्यांचा नामनिर्देश आहे त्यांची संमती घ्यावी, असा त्या नियतकालिकाचा नियम होता. तिने मसुदा सरांना धाडला. काही दिवसांनी, ती तासाहून शिक्षककक्षात येत असताना, त्यांचा दूरध्वनी आला. बंधाऱ्यावरच्या त्या सकाळी होता तसाच तो मऊ स्वर.

“वाचलं. उत्तम लिहिलंयस. भाषा माझीच वाटते.” ते थांबले. “पहिलं वाक्य वाचून डोळ्यांत पाणी आलं, बाळ. ते राहू दे. दुसरं तेवढं काढ.”

“एक ठेवून एक काढता येणार नाही, सर.”

“का?”

“दोन्ही तुमच्याविषयी आहेत. राहिली तर दोन्ही राहतील, गेली तर दोन्ही जातील. तुम्हीच सांगा.”

तिने दूरध्वनी दुसऱ्या कानाशी नेला. तेवढ्यात तिला कळले, की एवढे सगळे होऊनही आपण अजून वाट पाहत आहोत. ते म्हणतील, राहू दे दोन्ही. म्हणतील, ओवाळला मी, आणि शिकवलेही मीच. एवढे जरी म्हणाले असते तरी छापील असत्य तिने पुढचे आयुष्य हसत सोसले असते. पलीकडे काकूंच्या बांगड्यांचा आवाज आला. खुर्ची सरकल्याचा आला.

“मग दोन्ही काढ,” सर म्हणाले.

“नक्की, सर?”

“हो. दोन्ही.”

तिने बरे म्हटले. संगणकासमोर बसून आधी दुसरे वाक्य पुसले आणि त्या जागी लिहिले, की कक्षात कापूर ओवाळला गेला तेव्हा प्रस्तुत लेखिकेचे दोन्ही हात झाकणाला गुंतलेले होते. ओवाळणाऱ्याचे नाव त्यात नव्हते. मग पहिल्या वाक्याच्या शेवटी बोट नेऊन ती थांबली. ते वाक्य आता कोणालाच नको होते, ज्यांनी विद्या दिली त्यांनाही नाही. तिने ते अक्षरागणिक मागे पुसत नेले, ‘दिली’पासून ‘अवरक्त’पर्यंत, आणि मसुदा संपादकांकडे पाठवून दिला.